ताप चढणारा अॅम्प्लिफायर

दुकानात आले की काका आधी अॅम्प्लिफायर काउंटरवर ठेवत. मग त्याच्या झाकणावर उलटा हात टेकवत, आजारी पोराच्या कपाळाला लावतात तसा, आणि म्हणत, "याले पुन्हा ताप भरला, मिस्त्री."

दिग्रसच्या स्टँडमागे माझं गाड्यांमध्ये टेप आणि स्पीकर बसवायचं दुकान होतं. काकांची जीप दिग्रस ते आर्णी चालायची. कापसाचे वाईट दिवस होते ते. कापसातली सरकी काढायच्या ज्या जिनिंगमध्ये काका अठरा वर्षं धडधडत्या मशीनवर उभे होते ती बंद पडली होती, आणि सासरच्यांच्या मदतीनं घेतलेली ही जुनी जीप एवढंच त्यांच्याजवळ उरलं होतं. बाजारातच दम नव्हता, तर सवारी तरी कुठून येणार? स्टँडवर चार जीपा उभ्या असल्या तर जिच्यात गाणं वाजतं ती आधी भरते, हा तिथला कायदा. तुम्हाला-मला अॅम्प्लिफायर म्हणजे चैन वाटेल, काकांना तो इंजिनाइतकाच लागायचा.

आणि तो दर आठवड्याला फ्यूज उडवायचा.

पहिल्यांदा मी जीपमध्ये डोकावलो तेव्हा फ्यूजच्या जागी सिगरेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती.

"काका, गाडी पेटंल नं!"

"पेटली नाई नं पन," ते शांतपणे म्हणाले. "दोन चकरा झाल्या इच्यावर."

मग मी मला येत होतं ते सगळं केलं. बॅटरीपासून जाड वायर ओढली. अर्थिंगसाठी पत्र्याचा रंग खरवडून नवा बोल्ट लावला. चारही स्पीकर मीटर लावून तपासले. सीटखाली कोंडलेला अॅम्प्लिफायर मोकळ्या हवेत आणला, त्यावर छोटा पंखासुद्धा बसवला. दुकानातल्या स्पीकरवर तो अख्खी दुपार वाजवून पाहिला, तर गार. जीपमध्ये घातला की चौथ्या दिवशी काका काउंटरवर हजर, उलटा हात झाकणावर.

आवाजाचं बटण शेवटापर्यंत पिळलेलं असायचं, तिथंच पाणी मुरत होतं. मी बायकोची नखं रंगवायची बाटली आणली आणि बटणाच्या निम्म्यावर लाल ठिपका दिला. "याच्या पुढं न्यायाचं नाई, काका." त्यांनी माझ्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि मान डोलावली. आपण बोलताना ते नेहमी असंच बघत. गिऱ्हाईक इतक्या आदरानं कुठं ऐकतं? मी मनातून सुखावत असे. एवढा मोठा गाढव मीच.

पुढच्या आठवड्यात बटण पुन्हा शेवटाला.

"हे कोनं केलं, काका?"

"मागच्याले आयकू गेलं पायजे."

"मागचा म्हंजे कोन? आर्णीत बसला काय तो?"

ते हसले, पण जरा उशिरा. शेजारचा चहावाला हसला तेव्हा.

शेवटी मी ठरवलं, दुकान बंद ठेवायचं आणि एक फेरी सोबत करायची. भल्या सकाळी निघालो. पुढच्या सीटवर काका, मधे धोतर नेसलेले एक बुढे बाबा, खिडकीशी मी. मागं माणसं, पिशव्या, एक बकरी. काकांच्या डाव्या दंडाला सुतळी बांधलेली होती आणि तिचं टोक मागच्या बाकापर्यंत गेलेलं. ज्याला उतरायचं तो सुतळी ओढायचा, जीप थांबायची. मला फार गंमत वाटली. एवढ्या गोंगाटात हाक कोण ऐकणार, चांगली युक्ती आहे, असं मी म्हटलंसुद्धा.

ठिपका केव्हाच मागं पडला होता. भीमगीत इतक्या जोरात चाललं होतं की माझे दात झिणझिणत होते. मागं एका बाईनं कानात कापसाचे बोळे घातले होते. काका मात्र खुशीत, स्टिअरिंगवर बोटानं ताल धरून.

मागून एसटीनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. काकांनी बाजू दिली नाही. बाबांनी त्यांच्या मांडीवर दोनदा थाप मारली, तशी जीप डावीकडे सरकली आणि एसटी शिव्या घातल्यासारखी पुढं गेली. तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी हललं.

पुढच्या वळणावर फ्यूज उडाला. गाणं तुटलं. नुसता इंजिनाचा आवाज आणि बकरीचं बें-बें.

काकांचं बोट ताल धरूनच होतं.

मी मागं वळून पाहिलं. सगळी जीप खाली मान घालून बसली होती. मी काकांच्या खांद्याकडे हात नेला, तो बाबांनी मधेच धरला.

"राहू द्या," ते माझ्या कानाशी म्हणाले. "आमाले मालूम हाये. सांगतो आमी त्याईले, गानं बंद पडलं म्हनून. जरा येळानं. थोडं वाजू द्या त्याईचं."

दोन-तीन किलोमीटर ते तसंच वाजलं. मला रडू आवरेना, म्हणून मी खिडकीबाहेर तुरीकडे बघत राहिलो.

आर्णीला सवाऱ्या उतरल्यावर काकांनी झाकणावर उलटा हात ठेवला आणि विचारलं, "काय फॉल्ट निंगाला?" मी त्यांच्यासमोर उभा राहून सावकाश म्हणालो, "मशीनमंधी फॉल्ट नाई, काका."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग चाकावर नजर लावून म्हणाले, "तुमाले बी मालूम पडलं मंग." आणि स्वतःच सांगू लागले. "जिन बंद पडली, मिस्त्री, पन कानातली बंद नाई झाली. दिवसभर चालू राह्यते. यवतमाळच्या डॉक्टरनं हात टेकले. हे गानं फुल केलं का तेवढंच तिच्यावरून जरासं आयकू येते, मंग मनातच वाजत राह्यते. तुमी फ्यूज मोठा टाकून द्या नं."

"काका, तुमी गाडी चालवू नका."

"मंग करू काय?"

मोठा फ्यूज टाकला तर माणसांसकट जीप पेटेल, हे मला येत होतं. बाकी काही येत नव्हतं. मी घाबरट माणूस. दुकानात आल्यावर मी बटण लाल ठिपक्यावर आणलं आणि अॅराल्डाइटनं कायमचं चिकटवून टाकलं. काका बघत उभे होते. अडवलं नाही त्यांनी.

त्यानंतर फ्यूज एकदाही उडाला नाही. काकाही आले नाहीत. पोळा झाला आणि जीप स्टँडवर दिसेनाशी झाली, तेव्हा मी त्यांच्या घरी गेलो. काकू दारातच म्हणाल्या, "गाडीत मनच लागेना म्हनतात. इकून टाकतो म्हनतात." जीप अंगणात धुऊन-पुसून उभी होती. पुढं ती विकली गेली, काका पुसदला लेकीकडे गेले, आणि आमची तीच भेट शेवटची ठरली.

मला बघून ते लगबगीनं उठले. जीपचं दार उघडलं, चावी फिरवली, गाणं लावलं. निम्म्या आवाजात ते गोड वाजत होतं, शेजारची बाई भांडी घासता घासता गुणगुणू लागली. काकांनी झाकणावर उलटा हात टेकवला, बराच वेळ ठेवला आणि माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली.

"पाहा मिस्त्री, आता ताप नाई याले. चांगलं बनवलं तुमी."