बागवानबाईंचे सामायिक कपाट

रशीदाबाई बागवान यांची माझी पहिली भेट पुण्यात, खराडीच्या ऑफिसात, एका कपाटासमोर झाली. मी यवतमाळहून नुकतीच आलेली, प्रोबेशनवर. कपाटावर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातली पाटी होती: 'पुस्तक ड्रॉवरमध्ये लपवू नये. आम्ही शोधतो आणि सापडते.' मला हसू फुटले. मागून आवाज आला, "हसा, पण आधी सही करा."

बाहेरच्या कंपन्यांची सॉफ्टवेअर आम्ही आमच्या कामात जोडत असू. ती कशी वापरायची हे सांगणारी पुस्तके प्रत्येक टीम लोणच्याच्या बरणीसारखी दडवून ठेवी. ऑफिसातली कागदपत्रे सांभाळणाऱ्या बाईंनी ते मोडून काढले. सगळ्यांसाठी एकच कपाट आणि सर्व्हरवर एकच फोल्डर. नवी आवृत्ती आली की जुनी त्याच दिवशी हद्दपार. ईदला कसब्यातल्या घरून त्या डबा भरून शिरखुर्मा आणत. जुन्या प्रती परत न करणाऱ्या टीमने तो लांबूनच पाहायचा. आमच्या टीमने तो लांबूनच पाहिला होता.

त्याचे फळ मला मिळाले. मी लिहिलेला सॉफ्टवेअरचा भाग ग्राहकासमोरच कोसळला. "हिला उद्यापासून नको," मॅनेजर भर बैठकीत म्हणाले. नोकरी लागली म्हणून वडिलांनी गल्लीभर पेढे वाटले होते. आता त्यांना काय सांगू, एवढेच माझ्या डोक्यात होते.

तेवढ्यात बाई, कुणी बोलावले नसताना, आत आल्या. "काय वाचून लिहिलंत?" मी टीमने दिलेली प्रत पुढे केली. त्यांनी पहिले पान उघडले. आवृत्ती जुनी होती, आमच्या टीमने दडवलेली.

"अहो साहेब, पोरीनं कागदात होतं तसंच केलंय. कागद काढा, पोरगी राहू द्या."

साहेबांनी प्रत हातात घेतली, चाळली आणि होकारार्थी मान हलवली. बाहेर येऊन मी रडले. "झालं असेल रडून तर नवी प्रत घ्या," बाई म्हणाल्या. त्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि काम चालू होईपर्यंत उठल्या नाहीत. पुढे मी कायम झाले.

आज माझ्या हाताखाली टीम आहे. कुणाचे काम बिघडले की मलाही राग येतो, तो गिळून मी आधी विचारते, "कोणती प्रत वाचलीत?" ही शिकवण बाईंची.

बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. आणि घाबरून बैठकीत उभ्या असलेल्या प्रत्येक नव्या पोरीसाठी दार ढकलून आत येणारे असे कुणीतरी असो.