अप्पांचा उलटा उजेड

आधीच सांगून टाकतो. भुताखेतांवर, अंगात येण्यावर, उताऱ्यावर माझा विश्वास नाही, कधी नव्हता. आमच्या घरातून अंगारा-धुपारा आजोबांच्या वेळीच गेला. बुद्धवंदना करतो, बास. त्यात मी बी.एस्सी., फिजिक्स. अख्ख्या घराण्यात पहिला ग्रॅज्युएट, आणि हे मी आजही छाती काढून सांगतो. म्हणून खालचं वाचून "चला, शिकलेला माणूसही घसरला" असं कुणी म्हणू नये. घसरलेलो नाही. उत्तर सापडलेलं नाही, एवढंच...

नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. मी हुबळीत विद्यानगरच्या एका कॉलेजात फिजिक्स लॅबमध्ये डेमॉन्स्ट्रेटर होतो. वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, हुबळीजवळच्या तारिहाळ इंडस्ट्रियल एरियातल्या एका शेडमध्ये वेल्डर. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या.

अप्पांची एक खोड होती. दोन तुकडे जुळवून पहिला टाका मारताना ते तोंडासमोर काच धरायचे नाहीत. एका हातात तुकडा, दुसऱ्यात होल्डर, काचेला तिसरा हात आणायचा कुठून? डोळे मिटायचे आणि मारायचा. शेडमधले सगळेच तसं करायचे. मी घरी ओरडायचो.

"अप्पा, उजेड वस्तूवर पडला की परत फिरतो, आरपार जातो, नाहीतर तिथंच जिरतो. वेल्डिंगच्या उजेडातला जो भाग दिसतच नाही, तो बुबुळावरच्या पडद्यात जिरतो. जिरला की जाळतो."

"मास्तर," ते हसायचे, "तू पुस्तकात बघितलास, मी तीस वर्षं समोर बघतोय. तुझा उजेड मला अजून चावला नाही."

मग एकदा ट्रॉल्यांचं मोठं काम आलं. दिवसभर टाके मारून अप्पा घरी आले ते डोळ्यांत वाळू घातल्यासारखे. हे वेल्डरांना नेहमीचंच, दोन दिवसांत उतरतं. पण शेडमधल्या मल्लण्णानं कुठल्या तरी पाल्याचा रस आणून दिला, आणि अप्पा तो तीन दिवस डोळ्यांत पिळत राहिले. मी प्रॅक्टिकल परीक्षांच्या गडबडीत. शिकलेला मुलगा घरात असून मला चौथ्या दिवशी कळलं. तोवर जखमा चिघळल्या होत्या. महिन्याभरात दोन्ही बुबुळांवर पांढरं फूल पडलं.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या मॅडमनी मला नीट समजावलं. "वरची काच दुधी झालीय. ती बदलता येते, मेलेल्या माणसानं दान दिलेली बसवतो. पण दुधी काचेतूनही उजेड कळायलाच पाहिजे. तेवढाही कळत नसेल तर मागची नस गेली, मग काच बदलून उपयोग नाही. एकेका काचेसाठी माणसं रांगेत आहेत."

म्हणजे सगळं त्या एका तपासणीवर होतं. अंधाऱ्या खोलीत मॅडमनी अप्पांच्या डोळ्यावर टॉर्च धरला.

"बेळकु काणस्तदेन्री?" उजेड दिसतोय का?

"इल्लरी." नाही.

मॅडमनी टॉर्च विझवला. अप्पा लगेच म्हणाले, "हां, ईग बंतु नोड्री." आता आला बघा.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पाच-सहा वेळा केलं, दर वेळी तेच. "अंदाजानं सांगतायत," त्या हळूच म्हणाल्या आणि फाइलमध्ये लिहिलं. "तीन आठवड्यांनी अजून एकदा बघू. शेवटचं."

त्याच आठवड्यात एकदा दिवेलागण उलटून गेल्यावर वीज गेली. अख्खी गल्ली काळी. आणि अप्पा कोपऱ्यातून म्हणाले, "लाइट आली काय गं?"

"गेली की हो!" आई म्हणाली.

अप्पा उठले. भिंत चाचपली नाही, काही नाही. मांडणीपर्यंत सरळ गेले, पेला घेतला, घागरीतलं पाणी घेतलं, प्याले, पेला पालथा घातला... हे मी कानांनी ऐकत होतो, मला स्वतःला काही दिसत नव्हतं. आईनं मेणबत्ती लावली तेव्हा ते खोलीच्या मधोमध उभे होते, आणि एकदम हात पुढे करून चाचपायला लागले.

"विझव ते. दिसेना झालं."

आई रडायला लागली. मी नाही. मला वाटलं, याची टेस्ट घेता येईल.

पुढच्या रविवारी दुपारी अप्पांना रिक्षात घालून लॅबमध्ये नेलं. आमची डार्क रूम पक्की होती, काळे पडदे, दाराच्या फटीलाही कापड. सोडियमचा दिवा लावला. तो तापून पिवळाधमक व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि त्याचा ट्रान्सफॉर्मर घुमत राहतो, म्हणून बटणाला हात लावायचा नाही असं ठरवलं होतं. दिवा लाकडी पेटीत. पेटीला एक फट. फटीसमोर काळा पुठ्ठा आणायचा किंवा काढायचा. आवाज शून्य. गालाला ऊब लागून कळत असेल म्हणून मधे पाण्यानं भरलेली काचेची पेटी ठेवली. कधी झाकायचं, कधी उघडायचं हे घरीच नाणं उडवून कागदावर लिहून आणलं होतं. तीस वेळा.

तीसच्या तीस उत्तरं उलटी आली.

हे नीट समजून घ्या. आंधळा माणूस अंदाजानं बोलला तर साधारण निम्मी बरोबर येतील. एकही बरोबर न येणं हे सगळी बरोबर येण्याइतकंच कठीण आहे. म्हणजे उजेड आत पोचत होता. उजेड आहे की नाही, हे त्या डोळ्यांना पक्कं कळत होतं. फक्त...

मी दिवा बंद केला आणि स्टुलावर बसून राहिलो. स्वतःचा हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसत नव्हता.

"रडतोस कशाला रे?" अप्पा म्हणाले.

मी आवाज केला नव्हता. शप्पथ सांगतो, श्वाससुद्धा धरला होता.

"कुठं रडतोय?"

"तोंडावर हात दाबून धरलायस की. आणि गळ्याचं बटण लाव, मास्तर ना तू?"

मी गळ्याशी हात नेला. बटण उघडं होतं. मग तीन बोटं वर केली.

"तीन. आता काय, पाढे म्हणायला लावतोस?"

"अप्पा... कसला उजेड आहे?"

"टाका मारताना असतो तसाच. पण लागत नाही रे डोळ्याला. गार आहे."

घरी आल्यावर अप्पांनी स्वतःहून विषय काढला. "हे असंच राहू दे की. दिवसा झोपतो. दिवस मावळला की दार लावून बसेन. काल आईला अंधारात डाळ निवडून दिली, एक खडा राहिला नाही. विचार तिला."

आईनं मान हलवली. ती भ्याली होती, पण मान हलवली.

मला ते चाललं नाही. का, ते आज उघड लिहितो. बापानं दार लावून अंधारात बसायचं, आणि त्याचा मुलगा ग्रॅज्युएट, हे मला सोसेना. गल्ली काय म्हणेल? शिवाय माझा हिशेब तयार होता. नस जिवंत आहे, तीस पुरावे माझ्या कागदावर आहेत. उलटसुलट झालंय ते त्या पांढऱ्या पडद्यातच कुठंतरी. काच स्वच्छ झाली की आपोआप सुलट होईल. कसं, हे मला माहीत नव्हतं. मी ते स्वतःला विचारलंच नाही.

"मॅडमनी विचारलं की उलटं सांगायचं," मी म्हणालो. "अंधार झाला की 'दिसतो' म्हणायचं नाही, 'नाही दिसत' म्हणायचं."

"खोटं सांगू?"

"खोटं नाही अप्पा, उलटं."

"आणि तिला तूच खरं काय ते का सांगत नाहीस?"

"हसतील ते. काच देणार नाहीत."

अप्पा म्हणाले, "तू म्हणतोस तर तसं."

तपासणीत अप्पांनी एकही उत्तर चुकवलं नाही. मॅडम खूश झाल्या, आधीचं लिहिलेलं खोडलं. काही महिन्यांनी काच मिळाली. ऑपरेशन उजव्या डोळ्याचं झालं.

पट्टी काढली त्या दिवशी मी समोर होतो. बुबुळ घड्याळाच्या नव्या काचेसारखं नितळ. मॅडमनी टॉर्च धरला.

"इल्लरी."

टॉर्च विझवला.

"इल्लरी."

मॅडमनी मोठा दिवा आणला. नाही. अप्पांनी मान माझ्याकडे वळवली, मी जिथं उभा होतो त्याच्या जरा बाजूला. "मास्तर, सगळं बंद कर बघू एकदा." मी खिडकी लावली, पडदा ओढला, दार लावलं.

"केलंस?"

"केलं, अप्पा."

ते वाट बघत होते. मीही. शेवटी त्यांनी डाव्या डोळ्यावरून बोटं फिरवली, ज्याला सुरीसुद्धा लागली नव्हती. "ह्यातलंही गेलं रे," एवढंच म्हणाले.

मॅडम मला बाहेर म्हणाल्या, "नस केव्हाच मेलेली दिसतेय, दोन्हीकडची. मग त्या दिवशी एवढं बरोबर कसं सांगितलं त्यांनी?"

अप्पा पुढं सात वर्षं जगले. मला कधी टोचून एक शब्द बोलले नाहीत. शेडमधली माणसं भेटायला यायची, त्यांना सांगायचे, "पोरानं लई धडपड केली."

नंतर मी एम.एस्सी. केलं. मोठमोठ्या प्राध्यापकांना विचारलं, नाव न घेता. कुणी म्हणालं, नस मेली तरी मेंदूला खोटा उजेड भासतो. असेल. पण खोट्या उजेडात माझं उघडं बटण कसं दिसेल? आणि ज्या डोळ्याला हात लावला नाही त्यातलं का जावं?

ती काच कुणाची होती, मला माहीत नाही. रांगेत अप्पांच्या मागे कोण होतं, तेही माहीत नाही. त्याला किंवा तिला कदाचित दिसलं असतं. दवाखान्याच्या फाइलमध्ये दुसऱ्या तपासणीची सगळी उत्तरं बरोबर लिहिलेली आहेत. त्यातलं एकही अप्पांचं नाही. सगळी माझी आहेत.