रिंगणीचा धूर
बिया करपल्याचा वास आला, की मला जुन्या चांदा जिल्ह्यातला चामोर्शीचा बाजार आठवतो. आईच्या हिरड्यांतून रक्त यायचं, म्हणून तिथल्या वैदूनं दातांना कीड लागल्याचं सांगून रिंगणीच्या काटेरी झुडपाच्या बिया जाळून तिच्या तोंडात नळीनं धूर सोडला. समोर ठेवलेल्या परातीतल्या पाण्यात पांढरे किडे पडले. “सारे निंगाले, बाई,” तो म्हणाला. ते जळताना बियांतून बाहेर पडलेले कोंब होते, हे फार पुढे कळलं. आई निर्धास्त झाली. मग एकदा भात खाताना तिनं तोंडातून अख्खा दात काढला. पांढरा, कुठंही न किडलेला. “दुखलं बी नाई मले,” ती त्या दाताकडे बघत म्हणाली. एकेक करून सगळे तसेच गेले. परवा दंतवैद्यानं माझ्या हिरडीत बारीक सळई घातली. दात चांगला होता, पण खालचं हाड झिजलेलं. सळई आत जातच राहिली. “दुखतंय?” त्यानं विचारलं. मी म्हणालो, “नाई.”