जमैकातलं आदण आणि न थांबणारं जहाज

गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावर आमचं जहाज पहिल्यांदा दिसलं तेव्हा माझे थोरले बंधू, म्हणजे दादा, मान वर करून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्ये तरंगतंय व्हय रं? मला वाटलं बंदराचं गावच हाय."

आम्ही तिघं होतो. दादा, माझी बायको सुनंदा आणि मी. आम्ही कुंडलकडचे, ऊसवाले. दादा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता शेती बघतात. मी हायस्कूलला भूगोल शिकवतो. कॅरिबियन समुद्र फळ्यावर काढून काढून माझा हात बसला आहे, पण तो ओला असतो याचा अनुभव नव्हता. आमची मुलगी प्राजक्ता ह्यूस्टनला नोकरी करते. तिला सुटी मिळेना, म्हणून तिनं आम्हा तिघांनाच आठवडाभराच्या जहाजसहलीवर पाठवलं. निरोप देताना तिनं एकच अट घातली.

"पप्पा, प्रत्येक बेटावर फिरायचे दोन प्रकार असतात. एक जहाजवाल्यांची सहल आणि एक बाहेरची, आपली आपण ठरवलेली. जहाजवाल्यांची बस उशिरा आली तर जहाज थांबतं. बाहेर गेलेल्यांसाठी थांबत नाही. तुमचे पासपोर्ट, मोठ्या पप्पांच्या बीपीच्या गोळ्या, सगळं खोलीत असणार. तुम्ही जहाजाचीच सहल घ्यायची. शब्द द्या."

मी शब्द दिला. सुनंदा शेजारीच उभी होती, तिनं तो नीट ऐकून ठेवला.

इथं माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. वर्गात एखाद्या पोरावर विनाकारण ओरडलो तरी मला रात्रीचं जेवण जात नाही. अशा माणसानं खोटं बोलू नये. प्रकृतीला सोसत नाही.

जहाजावरचा पहिला दिवस खाण्यात आणि वाट चुकण्यात गेला. सुनंदाचं माहेर दुष्काळी जत तालुक्यातलं. अकराव्या मजल्यावरचा पोहण्याचा तलाव बघून ती काठावर उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "आवं, ह्यात आमच्या गावचा उन्हाळा निघाला असता." चारी बाजूंना समुद्र असताना माणसं तलावात का उतरतात, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही सांगता आलं नाही. पुस्तकात ते दिलेलं नाही.

पहिलं बेट कोझुमेल, मेक्सिकोचं. दिलेल्या शब्दाप्रमाणे आम्ही जहाजाच्या सहलीला गेलो. सकाळी प्रत्येकाच्या छातीवर आकड्याचा गोल कागद चिकटवला. एक मुलगी झेंडा घेऊन पुढं आणि आम्ही बसभर माणसं मागं. पडक्या देवळापाशी जरा थांबलो, दुकानापाशी भरपूर थांबलो. रस्त्याकडेला एक बाई मक्याची तोर्तिया (आपल्या भाकरीची धाकटी जाऊ) तव्यावर टाकत होती. दादा वासानं थबकले. तेवढ्यात झेंडा हलला आणि आम्हाला बसमध्ये गार सँडविच मिळालं.

"जतच्या बाजारात मेंढरं अशीच उतरवत्यात," दादा म्हणाले. "निदान तितं मेंढरांना कोनतरी इचारतंय, खाल्लं का म्हणून."

त्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावर लोकांनी कठड्याला गर्दी केली. काय आहे म्हणून आम्हीही गेलो. खाली धक्क्यावर एक नवरा-बायको पळत येत होते आणि वरचे प्रवासी टाळ्या पिटत होते. बाहेरच्या सहलीला गेलेलं जोडपं होतं ते. दोर सुटले, जहाज हललं आणि ते दोघं हातभर अंतरावर उभे राहिले. टाळ्या थांबल्या.

"त्या बाईच्या एकाच पायात चप्पल हाय," सुनंदा म्हणाली. मग माझ्याकडं बघून, "आपण जहाजाचीच घ्यायची हां."

"छे छे, दुसरी कशाला घेतोय," मी म्हणालो.

दुसऱ्या बेटावर, ग्रँड केमनला, काचेच्या तळाच्या होडीतून मासे दाखवले. आम्ही कंटाळून खाली बघत होतो. मासे वर आमच्याकडं बघत होते आणि तेही तितकेच कंटाळलेले. मला वाईट वाटू लागलं. दादा आयुष्यात एकदाच इतक्या लांब आलेत, आणि मी त्यांना छातीवर कागद लावून काचेवर बसवलंय.

तिसरं बेट जमैका. त्या सकाळी मी नाश्त्याला सांगून टाकलं, "आज जहाजाची खास सहल घेतलीय. छोटी गाडी, फक्त आपण तिघं."

"अस्सं?" सुनंदा म्हणाली आणि पपईची फोड खाऊ लागली. मी चहाचा कप तसाच बाजूला सारला.

फाल्मथ बंदराच्या फाटकाबाहेर टॅक्सीवाल्यांची गर्दी होती. धबधबा, समुद्रकिनारा, पोपट, सगळे एकदम ओरडत होते. मी मास्तर असल्यामुळं मनाशी निकष ठरवून गेलो होतो: गाडीला भाड्याच्या वाहनाची लाल पाटी हवी, आणि चालकानं परतीची वेळ स्वतःहून विचारायला हवी. दोन्हींत बसल्या त्या मिस पर्ल. वयानं दादांच्या बरोबरीच्या, अंगानं भक्कम, डोक्यावर पिवळी टोपी. त्यांनी आधी विचारलं, "जहाज कधी सुटतं?" आणि मग असा प्रश्न विचारला जो आठवडाभरात आम्हाला कुणी विचारला नव्हता. "तुम्हाला काय बघायचंय?"

मी दादांना मराठीत सांगितलं.

"ऊस," दादा म्हणाले.

"दादा, इतक्या लांब येऊन?"

"मग? मला पोपट काय करायचाय?"

मिस पर्ल खूश झाल्या. त्यांचे मामा डोंगरातल्या गावात वेट शुगर करतात म्हणे. (वेट शुगर म्हणजे आपल्या काकवीची दाट, रवाळ बहीण.) आज तिथं रस उकळणार होता.

वाटेत मागं-पुढं पळणाऱ्या भाड्याच्या गाड्यांमधून माणसं बाहेर लोंबत होती. "वडाप!" दादा ओरडले. आपल्याकडची माणसं कोंबून नेणारी वडापची जीप जमैकात बघून त्यांना भरून आलं. रस्त्याकडेला धुरावर भाजलेलं जर्क चिकन (मसाला चोळून लाकडाच्या धगीवर भाजलेली कोंबडी) खाल्लं. तिथल्या मिरचीनं माझ्या कानातून वाफ गेली. सुनंदा शांतपणे खात होती. "बरी हाय," ती म्हणाली. "आमच्याकडच्या मिरचीच्या खरड्याला जरा सपक पडंल." कोंबडीवाल्यानं तिला सलाम ठोकला.

मग तो वास आला. उकळत्या रसाचा. दादा चालत्या गाडीत उभे राहिले आणि डोकं छताला आपटलं.

मिस पर्लचे मामा, मिस्टर लॉइड, पत्र्याच्या शेडखाली काहिलीपाशी (रस आटवायच्या मोठ्या कढईपाशी) उभे होते. चुलवाणात चिपाडं जळत होती. दादांनी बूट काढले, काहिलीला हात जोडले. मिस्टर लॉइडनी हे बघितलं आणि टोपी काढली. दोघांना एकमेकांची भाषा एक अक्षर येत नव्हती. दादा फौजेतलं हिंदी बोलत होते, ते जमैकाचं इंग्रजी. थोड्याच वेळात दोघं झारे घेऊन समोरासमोर मळी काढत होते.

मी घड्याळ बघितलं. निघायला हवं होतं.

"दादा, चला."

"कुठं? आदण उतरायचंय अजून."

आमच्याकडची रीत वाचकांना ठाऊक असेल. गुऱ्हाळावर आदण (काहिलीतला घाणाभर रस) चढलेलं असताना जो पाहुणा येईल त्यानं ते उतरल्याशिवाय हलायचं नाही. मध्येच उठून गेला तर गूळ धरत नाही, आणि त्याचा दोष पाहुण्याला. मी हे मिस पर्लना समजावलं, वाटलं त्या तरी दादांना उठवतील. त्यांनी ते मामांना सांगितलं. मामांचे डोळे पाणावले. त्यांनी दादांसाठी स्टूल मागवलं.

"किती वेळ लागेल?" मी विचारलं.

"सून कम," मिस्टर लॉइड म्हणाले. (शब्दशः 'लवकरच येतं', म्हणजे आपल्याकडं 'हा काय, निघालोच' म्हणतात तितक्या वेळात.)

मी सुनंदाकडं वळलो. ती झाडाखाली उसाचं कांडं सोलत बसली होती.

"अगं, तू सांग दादांना. उशीर होतोय."

"आवं, घाई कसली?" ती म्हणाली. "जहाजाची सहल हाय न्हवं? थांबंल की जहाज."

मी जाऊन पुन्हा दादांपाशी उभा राहिलो.

पुढचा वेळ मला सोसवत नव्हता. मिस्टर लॉइड म्हणाले, झालं, उतरवा. माझा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात दादांनी पळीभर पाक वाटीतल्या पाण्यात टाकला, बोटांनी चाचपला आणि मान हलवली.

"कच्चं हाय. ढेप बसणार न्हाई."

"त्यांना ढेप नकोच आहे दादा! त्यांना पातळच लागतं!"

"पातळ कुणाला पाहिजे असतंय? येत नसंल म्हणून तसं म्हणत असतील."

मिस पर्लनी विचारलं म्हणून मी हे इंग्रजीत सांगितलं, आणि त्यांनी ते जसंच्या तसं मामांना सांगितलं. ते सांगायची काही गरज नव्हती. मिस्टर लॉइडनी कमरेवर हात ठेवले. दादांनीही ठेवले. मी धावत मध्ये गेलो. "दादा, पिकलंय! मला वासावरून कळतंय. त्यांचं बरोबर आहे."

दादांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी शत्रूला जाऊन मिळालोय. "बाळू, तू मास्तर झालास. गुळाचं नाव घिऊ नगंस."

अखेर तह झाला. काहील उतरवायची, पण त्यातला घमेलंभर पाक दादांनी त्यांच्या पद्धतीनं शिजवायचा. म्हणजे आणखी वेळ. मला दिसू लागलं: जहाज निघालंय, कठड्यावर माणसं टाळ्या पिटतायत, दादांच्या गोळ्या खोलीत आहेत आणि सुनंदाच्या एकाच पायात चप्पल आहे. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"सुनंदा, ही जहाजाची सहल नाही. मी खोटं बोललो. जहाज थांबणार नाही."

तिनं उसाचा चोथा थुंकला. "मला ठावं हाय."

"कधीपासून?"

"दोन दिवस छातीवर कागद चिकटवला. आज कुणी चिकटवला न्हाई. तुमी चहा सोडला. आनी काय पाहिजे?"

"मग जहाज थांबंल म्हणालीस ते?"

"तुमी कवा खरं बोलताय त्ये बघत हुते. लय दम काढला तुमी."

"अगं, रागवलीस का?"

"रागवू कशाला?" ती उठली आणि लुगड्यावरची चिपाडं झटकली. "तुमी खोटं बोलला म्हणून बरं झालं. खरं सांगितलं असतं तर मला न्हाई म्हणावं लागलं असतं."

मग तिनं पदर खोचला, केळीचं एक मोठं पान तोडलं आणि थेट घमेल्यापाशी गेली. थोरल्या दिरांशी ती खाली मान घालून बोलते, पण आवाज खणखणीत असतो. "दादा, गूळ पानावर घ्या. गाडीत घोटा. चला."

आणि दादा उठले. माझ्या विनवण्यांना न हललेला माणूस निमूट गाडीत जाऊन बसला. मिस्टर लॉइडनी खिडकीतून हात आत घालून त्यांचा हात धरला, आणि बरंच काही बोलले. दादाही बोलले. दोघांनी एकमेकांचा गूळ कच्चा ठरवला असावा, पण हात सोडले नाहीत.

मिस पर्लनी डोंगर असा उतरवला की मी कुलदैवताला जे जे बोललो ते अजून फेडतोय. मध्ये एक शेळ्यांचा कळप आडवा आला. त्यांनी खिडकीतून एक हाक मारली आणि शेळ्या पांगल्या. दादा मागच्या सीटवर गरम पान मांडीवर घेऊन पळीनं घोटत होते. बंदर आलं तेव्हा त्यांनी पान माझ्या नाकाखाली धरलं. गूळ धरला होता. "बघ," म्हणाले. मी बघितलं नाही. मी जहाज बघत होतो.

जहाज होतं!

आम्ही धक्क्यावरून पळालो. वर कठड्यावर माणसं जमली होती आणि टाळ्या सुरू झाल्या. दादांनी पळता पळता हात वर करून त्यांना सलामी दिली. शिडीपाशी पोचलो तर तिथं रांग. छातीवर गोल कागद लावलेली, ओली, चिडलेली माणसं. जहाजाच्याच सहलीची बस धबधब्याजवळ बंद पडली होती आणि तिच्यासाठी सगळं जहाज थांबलं होतं. ज्यांना आम्ही दोन दिवस मेंढरं म्हणत होतो त्यांच्या मागं मी गपचूप उभा राहिलो. इतकं कृतज्ञ मला शाळेच्या निकालादिवशीही वाटलेलं नाही.

शिडीवरच्या पहारेकऱ्यानं पानाकडं बोट दाखवलं. बाहेरचं अन्न जहाजावर चालत नाही. "लो जवान, चखो," दादा म्हणाले. त्यानं चाखलं. दुसऱ्याला बोलावलं. पान तिथंच संपलं.

गॅल्व्हेस्टनच्या धक्क्यावर प्राजक्ता घ्यायला आली. गाडीत बसल्याबरोबर विचारलं, "आई, सगळीकडं जहाजाचीच सहल घेतली ना?"

मी कबुलीसाठी घसा साफ केला. तेवढ्यात सुनंदा म्हणाली, "व्हय तर. शब्द दिला हुता न्हवं तुज्या पप्पांनी."

प्राजक्तानं गाडी बाजूला घेतली आणि फोन आमच्यापुढं धरला. भावकीच्या ग्रुपवर दादांनी व्हिडिओ टाकला होता. अनवाणी दादा, शेजारी मिस्टर लॉइड, मध्ये उकळती काहील. खाली लिहिलं होतं, 'जमैकात आदण उतरवले. पाक कच्चा होता.' त्याखाली आख्ख्या कुंडलनं अंगठे दाखवले होते.

सुनंदानं व्हिडिओ शेवटपर्यंत बघितला.

"त्ये जहाजावरचंच गुऱ्हाळ हाय," ती म्हणाली.

आता मी घरी आहे. कॅरिबियन समुद्र पुन्हा फळ्यावर आहे आणि मी तो पूर्वीपेक्षा बरा काढतो. गावातली, शाळेतली माणसं येतात. कुणाचा मुलगा तिकडं असतो, कुणाला मुलगी सहलीला पाठवणार असते. विचारतात, सर, बेटावर उतरल्यावर कोणती सहल घ्यावी? मी प्रत्येकाला खरं तेच सांगतो. जहाजवाल्यांचीच घ्या. कागद चिकटवतील, चिकटवू द्या. झेंड्यामागं चालवतील, चाला. जहाज थांबतं, याहून मोठं सुख परमुलखात नाही. घरच्यांना शब्द दिला असेल तर पाळा. मी नाही पाळला, आणि तो दिवस सहलीतला सगळ्यात चांगला निघाला, याची टोचणी मला अजून आहे. चूक करावी आणि ती गोड लागावी, याचं माणसानं करायचं काय?

ते मन लावून ऐकतात, मान डोलवतात. मग उठता उठता, सुनंदा आत आहे ना हे बघून, आवाज उतरवून विचारतात, "ते बराबर हाय सर. पण त्या पर्लबाईंचा फोन नंबर हाय का तुमच्याकडं?"

मी नाही म्हणायला तोंड उघडतो, तेवढ्यात आतून सुनंदा नंबर सांगते. तिला तो पाठ आहे.