भाजी उजवीकडेच

मध्यभारत मोडून नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली, आणि 'आम्हाला कुणी विचारलं का?' अशी मी एकामागून एक पत्रकं लिहीत सुटले. वीस वर्षांची होते, राग भरपूर. त्याच सुमारास ग्वाल्हेरच्या दौलतगंजात आमच्या शेजारी मद्रासकडचं एक बिऱ्हाड बदलीवर आलं. त्या घरातल्या वहिनींना हिंदी मोडकीतोडकी येई, मराठी शून्य.

गणेशोत्सवात आमच्या मंडळाची पंगत असे, घरटी एक पदार्थ. वहिनींनी हौसेनं विचारलं, "मैं पोरियल बनाऊँ?" पोरियल म्हणजे मोहरी-उडदाच्या फोडणीची, वरून ओलं खोबरं घातलेली कोरडी भाजी. पंगतीची व्यवस्था बघणारे काका मला म्हणाले, "त्यांना सांग, नारळ द्या. तेवढं पुरे."

म्हणजे बाईचा नारळ चालतो, बाईचा हात चालत नाही! मराठी शाळा बंद करू नये म्हणून नव्या सरकारला द्यायचा अर्ज काकांनी माझ्याकडूनच लिहून घेतला होता.

"काका, अर्ज परत द्या. फाडते."

"का गं?"

"'आम्ही इथे परके नाही' असं लिहिलंय त्यात. शेजारणीला परकी ठरवणाऱ्यांसाठी मी खोटं लिहिणार नाही."

"भाषण नको देऊस, बाई! करू दे त्यांना. पण डावीकडे वाढायची, चटणीजवळ, चमचाभर. उजवीकडे आपली बटाट्याची."

पानाची उजवी बाजू भाजीची, मानाची, डावी तोंडीलावण्याची. ही निव्वळ बोळवण होती. तरी तेवढं मी पदरात पाडून घेतलं.

सकाळी मंडळाच्या चुलीवर बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, शेंगा शिजत होत्या, वहिनी नारळ खवत होत्या. ग्वाल्हेरच्या मराठी घरात भाजी म्हटली की दाण्याचं कूट. मी सवयीनं कूट टाकलं, वर गुळाचा खडा. वहिनींनी पातेल्यात पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"ये क्या डाला? पूछा क्यों नहीं?"

दुसऱ्याला विचारा, त्याचं ऐका, असं छापून वाटणारी मी! मुकाट्यानं बाजारात धावले, नव्या शेंगा आणल्या. या वेळी त्या सांगतील तेवढंच केलं. मोहरी तडतडली, उडदाची डाळ लाल झाली, सुकी मिरची, कढीलिंब. झाकण ठेवू दिलं नाही; शेंगा हिरव्यागार राहिल्या. खोबरं खाली उतरवल्यावर. बिघडवलेली भाजी आमच्या घरी गेली. आई म्हणाली, "क्रांती जरा गोड झालीय."

वाढायला वहिनी स्वतः निघाल्या. मी कानात सांगितलं, "बाईं तरफ, चटनी के पास."

त्या थबकल्या. "सब्ज़ी है ये. चटनी नहीं."

पहिलं पान काकांचं. त्यांनी डावीकडे बोट दाखवलं. वहिनी पळी उजवीकडे धरून उभ्या. हलेनात. शेवटच्या पानापर्यंत वाढून झाल्याशिवाय आमच्यात कुणी घास घेत नाही. साठ माणसं, समोर वाफाळता भात, सगळ्यांचे हात मांडीवर.

"काका, होऊ द्या की!" मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "भूक के मारे जान निकल रही है!"

हशा पिकला. काकांनी बटाट्याची भाजी बोटानं जरा बाजूला सारली.

"वाढा," म्हणाले.

उजवीकडे, पळीभर. मग पुढचं पान, उजवीकडे. त्याच्या पुढचं, उजवीकडे. नको म्हणायची कुणाची छाती झाली नाही. 'हर हर महादेव'चा गजर झाला, तेव्हा सगळ्यांत मोठा आवाज माझा होता.