देवाला न चालणारी फुलं

वर्ध्याच्या उन्हात फारसं पाणी न मागणारी झाडं म्हणून मी कुंपणालगत कण्हेर आणि तगर लावली. झाडं बहरली, पण माझ्या डोळ्यांना फूल दिसेना. शेजारच्या काकू पहाटेच पूजेसाठी पिशवी भरून नेत. देवासाठी केलेल्या चोरीला आपल्याकडे चोरी म्हणतच नाहीत. संतापून मी सगळी उपटली आणि काटेरी बोगनवेल लावली. ती कोणी देवाला वाहत नाही. ऐन मे महिन्यात ती गुलाबी पेटली. काकू रिकामी पिशवी घेऊन फाटकाशी आल्या.

"काऊन जी भाऊ, देवाच्याच पोटावर पाय देऊन राह्यले का?"

म्हणजे फुलं माझी गेली आणि बोलणीही मलाच. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याच अंगणात तगरीचं रोप खोचलं.

"पानी तेवढं तुमी टाकजा," त्या म्हणाल्या, "तोडाले मी येईनच."