आईच्या डोळ्यांची तपासणी

आमचा दादा अंतराळ खात्यात नियोजन अधिकारी. स्वतःची छत्री कुठे ठेवली हे त्याला कधी सांगता यायचं नाही, पण सूर्य टिकलीएवढा दिसतो तिथवर जाणाऱ्या यानांची चिंता याच्या डोक्यावर. तिथे सौरपट्ट्या काय कामाच्या? म्हणून या यानांत किरणोत्सारी इंधनाची बॅटरी बसवतात. उड्डाणात काही बिनसलं, तर उड्डाणतळाजवळच्या वस्तीने काय करायचं, ते दादा ठरवायचा. ही वस्ती आमचीच. आई आणि मी इथेच राहतो.

उड्डाणाआधी वस्तीच्या सभेत तो इंधनाच्या डबीचा रिकामा नमुना फरशीवर दाणकन आपटायचा आणि उचलून दाखवायचा. साधा ओरखडाही नसायचा. भोंगा वाजलाच तर दारं-खिडक्या लावून घरात थांबा, पळापळ करू नका, एवढंच सांगायचा. पहिल्या रांगेत बसलेली आई कौतुकाने इकडेतिकडे बघायची.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी दादा गाडी घेऊन आला आणि डोळे तपासायचे म्हणून आईला शहरात घेऊन गेला. मला विचारलंसुद्धा नाही. मी आपली त्याच्याच सूचनेप्रमाणे कड्या लावून बसले. यान सुखरूप गेलं. आई परतली, तेव्हा कळलं की डॉक्टरचं तोंडही तिने पाहिलं नव्हतं. ती काय ते समजली होती. कितीतरी दिवस तिने शेजारी पाऊल टाकलं नाही. मला चीड आली होती, आणि त्याची बहीण असल्याची लाजही वाटत होती.

पुढच्या यानाच्या वेळी पुन्हा सभा झाली. डबी आपटून झाल्यावर शेजारच्या शिवणकामवाल्या मावशी उठल्या. टोमणा मारत नव्हत्या, खरंच विचारत होत्या.

"साहेब, या खेपेला आईंना कधी नेताय? म्हणजे आम्हालाही मुलांना घेऊन निघता येईल."

दादाचा चेहरा खर्रकन उतरला. डबी हातातच राहिली. घरी आल्यावर तो आईसमोर मान खाली घालून बसला.

"सगळी गणितं मीच केली होती, आई. धोका नावालाच आहे, हे मला पाठ होतं. तरी तुझ्या वेळी हिंमत झाली नाही. लाज वाटते गं."

"मला सांगून काय उपयोग?" आई म्हणाली. "त्यांना सांग."

मग तो घरोघरी गेला, माफी मागितली, या वेळी मी इथेच राहणार म्हणाला. लोकांनी ऐकून घेतलं, चहाही दिला.

उड्डाणाच्या सकाळी तो खरंच आला. कडी लावायला खिडकीपाशी गेला आणि बाहेर बघतच राहिला. गल्लीत झाडून सगळ्या घरांना कुलपं होती. त्याचं ऐकून घरात थांबलेले आम्ही तिघंच होतो.